रायगडचे सिंहासन आणि साताऱ्याचा शिक्का

वाशीम जिल्ह्यातले आसेगाव हे माझे गाव. कॉलेजात इतिहास शिकवतो, पण जेवायला आणि निजायला गावातच असतो, त्यामुळे शिकवलेल्या इतिहासाचा जाब मला वर्गात एकदा आणि पारावर एकदा असा दोनदा द्यावा लागतो. वर्गातली मुले सहसा मान डोलावतात. पारावरची मंडळी डोलावत नाहीत.

२०२१ सालापासून दरवर्षी ६ जूनला ग्रामपंचायतीपुढे शिवस्वराज्य दिनाची गुढी उभारतात, हे आपणांस ठाऊकच आहे. दिवस पेरणीच्या आधीचे. बियाण्याच्या थैल्या घरात येऊन पडलेल्या, डोळे आभाळाकडे लागलेले. अशाच एका ६ जूनला गुढी उभारून झाली, मुलांना खाऊ वाटून झाला, आणि पारावर बसलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने मला हटकले, "मास्तर, एक सांगा. किल्ले घेतले ते तलवारीनं घेतले. अफजलखान मारला तो काही मंत्र म्हणून नाही मारला. राज्य तं आधीच झालं होतं. मंग हे डोक्यावर पाणी शिंपडाचं कायले पाह्यजे होतं?"

प्रश्न साधा दिसतो, पण मी चार वाक्यांत उत्तर द्यायला गेलो आणि अडखळलो. तेव्हापासून मनात घोळत राहिलेले उत्तर आज आपल्यापुढे ठेवतो.

उत्तरासाठी रायगडावर जायच्या आधी आपल्याच जिल्ह्यातल्या कारंज्याला जाऊ. आज कारंजा म्हटले की आपल्याला गुरुमंदिर आठवते, जैनांची जुनी मंदिरे आठवतात. साडेतीनशे वर्षांपूर्वी ती मोगलांच्या वऱ्हाड सुभ्यातली मोठी श्रीमंत पेठ होती. १६७० सालच्या अखेरीस शिवाजी महाराजांची फौज बागलाणातून थेट इथे आली. वाणी-दिंडोरीची लढाई नुकतीच झाली होती, दुसऱ्यांदा सुरत मारून झाली होती, आणि मराठे वऱ्हाडापर्यंत पोचतील असे मोगलांच्या स्वप्नातही नव्हते. जदुनाथ सरकारांनी लिहिले आहे की कारंज्याहून सुमारे चार हजार बैल आणि गाढवांवर लादून सोने, चांदी आणि उंची कापड नेले, आणि खंडणीसाठी गावचे सावकार धरून नेले. सर्वांत मोठा सावकार तेवढा बाईचा वेष करून निसटला. परतीच्या वाटेवर गावोगावच्या लोकांकडून चौथाई देऊ असे लिहून घेतले.

आता विचार करा. हे लिहून दिलेले कागद कायद्याने कोणाच्या नावचे होते? मोगल बादशहाच्या लेखी शिवाजीराजे म्हणजे बंडखोर. विजापूरच्या लेखी ते शहाजीराजे नावाच्या आपल्या एका जहागीरदाराचे चिरंजीव. 'राजा' हा किताबसुद्धा १६६८ साली औरंगजेबाने दिलेला, म्हणजे वरच्याने खालच्याला दिलेला. मुलूख होता, किल्ले होते, आरमार होते, खजिना होता. पण कोणाला एक इनामाची सनद करून दिली, कोणाशी तह केला, कोणाच्या भांडणाचा निवाडा केला, तर उद्या कोणीही म्हणावे की हा कागद देणारा स्वतःच दुसऱ्याचा चाकर. आणि असे म्हणणारे केवळ शत्रूच होते असे नाही. महाराष्ट्रातली कितीतरी जुनी देशमुख घराणी भोसल्यांना आपल्या बरोबरीचे समजत होती, त्यांच्यापुढे लवायला तयार नव्हती. शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको. नांगरतो कोण हे साऱ्या शिवाराला ठाऊक असते, पण सातबाऱ्यावर नाव कोणाचे, हे विचारल्याशिवाय बँक कर्ज देत नाही. राज्याचेही तसेच होते. वहिवाट होती. फेरफार व्हायचा होता.

असाच एक फेरफार त्याच्याही सहाशे वर्षे आधी सातासमुद्रापलीकडे झाला होता. फ्रान्सच्या किनाऱ्यावर नॉर्मंडी नावाचा प्रांत आहे. तिथला सरदार विल्यम. हा फ्रान्सच्या राजाचा मांडलिक, जन्म विवाहाबाहेरचा, इंग्लंडची भाषाही त्याला येत नव्हती. १४ ऑक्टोबर १०६६ रोजी हेस्टिंग्जला त्याने इंग्रजांच्या राजाला, हॅरल्डला, लढाईत मारले. देश हातात आला. पण जिंकणे वेगळे आणि राजा होणे वेगळे, हे या कडव्या माणसाला बरोबर कळत होते. म्हणून नाताळच्या दिवशी लंडनजवळ वेस्टमिन्स्टरच्या मंदिरात त्याने जुन्या इंग्रज राजांच्या रीतीने अभिषेक करवून घेतला. आत लोकांनी मान्यतेचा जयघोष केला, इंग्रजीतही आणि फ्रेंचमध्येही. बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांना वाटले आत दंगा उसळला. त्यांनी आसपासच्या घरांना आगी लावल्या. धुराने लोक पळाले, तरी विधी पुरा करूनच राजा उठला असे सांगतात.

त्या एका दिवसाची पुण्याई पाहा. तेव्हापासून आजपर्यंत इंग्लंडच्या गादीवर बसलेला प्रत्येक जण विल्यमचा वंशज आहे. ६ मे २०२३ रोजी तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला तो त्याच वेस्टमिन्स्टरला. १२१६ साली नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीला, लंडन विरोधकांच्या हाती असल्यामुळे, घाईने ग्लॉस्टर नावाच्या गावी मुकुट घातला होता. चार वर्षांनी वेस्टमिन्स्टरला पुन्हा सगळा विधी केला, तेव्हा लोकांच्या जिवाला बरे वाटले. राजांचे क्रमांकसुद्धा विल्यमपासून मोजतात. त्याच्या आधी इंग्लंडात एडवर्ड नावाचे राजे होऊन गेले, पण 'पहिला एडवर्ड' म्हणतात तो तेराव्या शतकातला. जणू आधीचे हिशेबातच नाहीत. शिवाय १०८६ साली त्याने गावोगाव माणसे पाठवून जमीन कोणाची, नांगर किती, कुळे किती, गिरणी आहे की नाही, हे सारे विचारून लिहून काढले. त्या वह्या आजही जपून ठेवल्या आहेत. इंग्रजी कायद्यात जमीन अखेर राजाच्या नावची, बाकीचे सारे तिचे धारक, हे तत्त्व तेव्हापासून जे मुरले ते अजून पुरते निघालेले नाही.

पण विल्यमची गोष्ट इथेच ठेवतो. परक्याच्या घरचे लग्न किती वेळ पाहायचे?

ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, म्हणजे ६ जून १६७४. स्थळ रायगड. काशीचे गागाभट्ट पौरोहित्याला. मुंबईहून इंग्रज कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन आला होता, त्याने पाहिलेले टिपून ठेवले आहे. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांच्या टोकांवर राजचिन्हे होती. उजवीकडे मोठ्या दातांची दोन सोन्याची मत्स्यमुखे, डावीकडे घोड्यांची शेपटे, आणि एका भाल्याच्या टोकावर सोन्याचा तराजू, दोन्ही पारडी समतोल. मत्स्य आणि शेपटे ही मुसलमानी दरबारांची रूढ चिन्हे होती, ती तशीच घेतली. मला स्वतःला त्या सगळ्यांत तराजू फार आवडतो. सभासदाने बखरीत बत्तीस मण सोन्याचे सिंहासन सांगितले आहे. मुले परीक्षेत ते बत्तीस मण न चुकता लिहितात, तराजू लिहायला विसरतात.

जिजाबाई या सोहळ्याला हजर होत्या. सिंदखेडराजाची लेक, म्हणजे आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातली. वडील लखुजी जाधव आणि भाऊ हे निजामशाहीच्या दरबारात दगा होऊन मारले गेले होते. परक्याच्या चाकरीत माणसाच्या जिवाची किंमत काय असते, हे त्या माउलीने माहेरी पाहिले होते. त्यांनी मुलाच्या डोक्यावर छत्र पाहिले आणि अकरा दिवसांनी, १७ जूनला, डोळे मिटले.

त्या दिवशी नेमके काय बदलले? महाराज छत्रपती झाले. नवा राज्याभिषेक शक सुरू झाला. नाणी पाडली. तांब्याच्या नाण्याच्या एका अंगाला 'श्री राजा शिव', दुसऱ्या अंगाला 'छत्रपति'. हीच शिवराई. बादशहाचे नाव नाही, हिजरी सन नाही. आठ प्रधान नेमले आणि त्यांची जुनी फारसी वळणाची नावे बदलली. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. राज्यकारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश तयार करवला. गंमत पाहा, या आठांतल्या पहिल्याला मुख्य प्रधान म्हणायचे ठरले, आणि पुढची दीडशे वर्षे सगळे जग त्याला पेशवाच म्हणत राहिले! शब्द हुकमाने बदलत नाहीत. इंग्लंडात तर उलटाच मासला. तिथे पार्लमेंटाने केलेल्या कायद्याला राजाची संमती मिळाली हे आजही जुन्या नॉर्मन फ्रेंचमध्ये जाहीर करतात. नऊशे वर्षांपूर्वीच्या परक्या दरबाराची ती शेपटी अजून हलते आहे.

महाराजांना या छत्राखाली जेमतेम सहा वर्षे मिळाली. ३ एप्रिल १६८० ला ते गेले. आणि श्रोतेहो, माझ्या मते राज्याभिषेकाची खरी गोष्ट इथून पुढे सुरू होते. कर्ता पुरुष जिवंत असताना घर चालते यात नवल काय? तो गेल्यावर, पोरे अडचणीत सापडल्यावर, भाऊबंद उठल्यावर घर उभे राहते का, ते पाहायचे.

संभाजी महाराजांचा राज्याभिषेक १६८१ च्या जानेवारीत झाला. ११ मार्च १६८९ ला औरंगजेबाने त्यांचा वध करवला. त्याच वर्षी रायगड पडला. येसूबाई आणि सात वर्षांचा शाहू मोगलांच्या कैदेत गेले. राजाराम महाराज वेषांतर करून जिंजीला पोचले. राजधानी गेली, सिंहासन गेले, युवराज शत्रूच्या छावणीत. साध्या जहागीरदाराचे बंड असते तर इथे संपते. पण जिंजीच्या परक्या मुलखात बसून राजाराम महाराज सनदा देत होते, आणि शेकडो कोसांवर सह्याद्रीत माणसे त्या सनदांवर जीव टाकत होती. १७०० साली राजाराम महाराज गेले, तर ताराबाई आपल्या लहान मुलाच्या नावे लढत राहिल्या. नाव मुलाचे, पराक्रम आईचा, अधिकार मात्र रायगडावर उत्पन्न झालेल्या छत्राचा.

१७०७ साली औरंगजेब मेला आणि शाहूराजे सुटले. सातव्या वर्षी कैदेत गेलेला मुलगा पंचविशीचा होऊन परत आला. त्याला ओळखणार कोण? ताराबाईंच्या बाजूने आवई उठली की हा तोतया आहे. इथे आपल्या वऱ्हाडाचा माणूस पुढे येतो. परसोजी भोसले, म्हणजे पुढच्या नागपूरकर भोसल्यांचे मूळ पुरुष, यांचा वऱ्हाडात अंमल होता. ते फौजेनिशी खानदेशात शाहूराजांना मिळाले, आणि सर्वांसमक्ष त्यांच्याबरोबर एका ताटात जेवले, असे सांगतात. भोसला भोसल्याच्या ताटात जेवला. यापेक्षा मोठा दाखला त्या काळी नव्हता. १२ जानेवारी १७०८ ला साताऱ्यास शाहूंचा राज्याभिषेक झाला, आणि परसोजींना सेनासाहेबसुभा हा किताब आणि वऱ्हाडचा अधिकार मिळाला. त्या एका जेवणाची ही दक्षिणा म्हणा हवे तर.

गुरुजींना माझे सांगणे आहे, सनावळी शिकवण्याआधी ही ताटाची गोष्ट मुलांना सांगा. कारण तिचा दुसरा अर्धा भाग पुढे आहे.

१५ डिसेंबर १७४९ ला शाहूमहाराज वारले. मुलगा नाही. वृद्ध ताराबाईंनी सांगितले होते की माझा एक नातू गुप्तपणे वाढवला आहे, रामराजा. त्याला आणले. पण खरा कशावरून? परसोजींच्याच घराण्यातले रघूजी भोसले म्हणाले, ताराबाईंनी फौजेसमक्ष त्याच्यासह जेवावे आणि त्या अन्नाची शपथ घेऊन हा माझा नातू आहे असे सांगावे. ग्रँट डफने ही हकिगत नोंदवली आहे. चाळीस वर्षांनी पुन्हा ताट! रामराजा १७५० च्या जानेवारीत छत्रपती झाले. वर्ष संपते न संपते तो ताराबाईंचे आणि त्यांचे बिनसले. त्यांनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केले, आणि १७५२ साली जेजुरीला खंडोबाच्या देवळात शपथेवर सांगितले की हा माझा नातू नव्हेच.

आता खरे काय, खोटे काय, ते ताराबाई जाणोत आणि खंडोबा जाणे. आपण पुढचे पाहू. जिने खरे म्हणून आणले तिनेच खोटे म्हटले, तरी रामराजे १७७७ साली मरेपर्यंत छत्रपतीच राहिले. सनदा त्यांच्या नावे निघाल्या. पेशव्यांची वस्त्रे त्यांच्याकडून आली. गादीवरचा माणूस कैदी होता, त्याच्या जन्माविषयी शपथेवर संशय घेतला गेला होता, तरी गादी हलली नाही. मला इतिहासात याहून चमत्कारिक गोष्ट थोडी सापडते.

आणि पेशवे? सारी सत्ता पुण्याला, फौजा पुण्याच्या, खजिना पुण्याचा. मनात आणते तर छत्र आपल्या डोक्यावर धरायला त्यांना कोण अडवणार होते? पण धरले नाही. त्यांच्या शिक्क्यात आधी राजाचे नाव, मग आपले, तेही प्रधान म्हणून. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर पेशवाई घ्यायला निघालेल्या रघुनाथरावांनाही वस्त्रे साताऱ्याहूनच आणावी लागली. पुढच्या वर्षी १८ एप्रिलला नारायणरावांच्या विधवेला पुरंदरावर मुलगा झाला. बारभाईंनी त्या अवघ्या चाळीस दिवसांच्या तान्ह्यासाठी साताऱ्याहून वस्त्रे आणवली. झोळीतले पोर, त्याला वस्त्रे देणारा राजा किल्ल्यावर अडकलेला, आणि या दोघांच्या नावाने अर्ध्या हिंदुस्थानचा कारभार! हसू येते. पण शिंदे, होळकर, भोसले हे सारे सरदार पुण्याला मानीत होते ते सातारच्या शिक्क्यामुळे. पेशव्याने तो शिक्का मोडला असता तर नागपूरकरांनी उद्या म्हटले असते, तू प्रधान आणि मी सेनासाहेबसुभा, तू मला सांगणारा कोण? १७६३ च्या सुमारास निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर याने जानोजी भोसल्यांना सातारच्या गादीची आशा दाखवून फोडलेही होते. राक्षसभुवनाच्या लढाईत विठ्ठल सुंदर पडला आणि तो बेत बारगळला.

इथे आमच्या पारावरच्या म्हाताऱ्याने मला दुसरा प्रश्न विचारला होता. "हे झालं साताऱ्याचं न् पुण्याचं. आमच्या वऱ्हाडातल्या कुणब्याले त्या शिक्क्याचा काय फायदा झाला?"

खोटे कशाला सांगू? फायद्यापेक्षा भार जास्त झाला. १६७० साली कारंज्यात जी चौथाई तलवारीच्या धाकाने लिहून घेतली, तीच १७१९ साली दिल्लीहून आलेल्या सनदांनी शाहूमहाराजांचा हक्क झाली. बाळाजी विश्वनाथ पेशव्यांनी त्या सनदा आणल्या. त्यांच्याबरोबरच येसूबाई तब्बल तीस वर्षांनी कैदेतून घरी आल्या. सनदा दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या, त्यात वऱ्हाड एक. चौथाई म्हणजे शेकडा पंचवीस, वर सरदेशमुखी शेकडा दहा. बाकीचा वसूल मोगलांच्या सुभेदाराचा. १७२४ साली साखरखेर्ड्याला लढाई जिंकून निजाम स्वतंत्र झाला, तेव्हा मोगलाच्या जागी निजाम आला. एका खळ्यावर दोन मालक. एकाचा कामदार रास मोजून जातो न जातो तो दुसऱ्याचा दारात. हिलाच आपल्याकडे दोअमली म्हणत. १८०३ साली आडगाव आणि गाविलगडच्या लढायांत भोसले हरले, देवगावच्या तहाने वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाकडे गेला, आणि दोन मालकांतला एक कमी झाला. राहिलेल्या एकानेही सुख दिले नाही, ती गोष्ट निराळी.

म्हणजे राज्याभिषेकाने गादीला जो टिकाऊपणा आणला, तो रयतेच्या सुखाला आला नाही. याचे कारण मला असे दिसते की महाराजांच्या कामातले एक टिकले आणि दुसरे टिकले नाही. छत्र टिकले, शिक्का टिकला. पण महाराजांची कारभाराची मुख्य रीत अशी होती की शक्यतो वतने द्यायची नाहीत, सरदारांना मुलूख तोडून द्यायचा नाही, पगार रोख द्यायचा, आणि हुद्दा बापाकडून मुलाकडे आपोआप जाऊ द्यायचा नाही. अण्णाजी दत्तोंकडून काठीने जमीन मोजवून सारा ठरवला तो यासाठीच, की मधला खाणारा कमी व्हावा. जिंजीच्या दिवसांत ही रीत मोडली. औरंगजेब फितुरांना वतने वाटत होता, राजाराम महाराजांनाही वाटावी लागली. नाहीतर माणूस राहत नव्हता. त्यांना दोष देण्याचा मला हक्क नाही. घर जळत असताना कोणी घागरींचा हिशेब ठेवत नाही. पण आग विझल्यावरही हिशेब कोणी मागितला नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या आज्ञापत्रात वतनदारांपासून सावध राहण्याचा इशारा स्पष्ट दिलेला आहे. तो वाचला सगळ्यांनी, पाळला कोणी नाही. आठ प्रधानांची पदे घराण्यांत रुजली. सेनासाहेबसुभा नागपूरकरांकडे पिढीजात झाले. प्रधानाचा मुलगा प्रधान, त्याचा मुलगा प्रधान. राजा तेवढा किल्ल्यावर.

या शिक्क्याची किंमत शेवटी कोणी ओळखली असेल तर ती इंग्रजांनी. १८१८ च्या फेब्रुवारीत सातारा त्यांच्या हाती आला. एल्फिन्स्टनने लगेच जाहीरनामा काढला की सातारच्या महाराजांसाठी स्वतंत्र मुलूख राखला जाईल. दुसऱ्या बाजीरावाने प्रतापसिंह महाराजांना आपल्या छावणीत ठेवले होते. २० फेब्रुवारीला आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडले आणि महाराज इंग्रजांच्या हाती आले. पेशवाई बुडवणाऱ्यांनी छत्रपतींना पुन्हा साताऱ्याच्या गादीवर बसवले. प्रेमाने नव्हे. गादी आपल्या बाजूला आहे असे दिसले की पेशव्यांचे सरदार मुकाट्याने घरी जातील, हा त्यांचा हिशेब होता, आणि तो बरोबर ठरला. काम झाल्यावर १८३९ साली प्रतापसिंहांना पदच्युत करून काशीला धाडले. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षे तिथे राहिले. अर्ज केले, भाषणे केली, कर्ज काढले. १८४८ साली मागे औरस पुत्र नाही, दत्तक मान्य नाही, असे म्हणून कंपनीने साताऱ्याचे राज्य खालसा केले.

म्हाताऱ्याला मी यातले निम्मेच सांगू शकलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले, मग कमरेची चंची सोडली, आणि सुपारीच्या खांडांतून एक काळे पडलेले तांब्याचे नाणे काढून माझ्या हातावर ठेवले. वावर नांगरताना सापडले म्हणाला. शिवराई होती. रायगड पडल्यावर ही नाणी थांबली नाहीत. छत्रपतींनी पाडली, पेशव्यांच्या अमलात पाडली गेली, आणि इंग्रजी राज्य आल्यावरही कितीतरी वर्षे महाराष्ट्राच्या बाजारात चालत होती. धान्य, मीठ, तेल असल्या किरकोळ सौद्याला लोक तिच्यावर विश्वास ठेवत.

जवळ उभा असलेला चौथीतला एक पोरगा पुढे सरकला. नाणे झिजलेले होते. एका अंगाची अक्षरे जवळजवळ गेली होती. त्याने ते पँटीला घासले, उन्हात धरले, उलटे केले, आणि दुसऱ्या अंगावरची अक्षरे एकेक जुळवत मोठ्याने वाचली, "छ... त्र... प... ति."

"लागते ना वाचता?" म्हाताऱ्याने विचारले, आणि नाणे परत चंचीत टाकले.